भुतांच्या तपासणीचा अहवाल

लिफ्ट तपासनीस निवृत्त झाले त्याला दीड वर्ष झालं होतं, पण ते फक्त कचेरीच्या कागदोपत्री. खुद्द तपासनिसांना ही बातमी अजून नीटशी पटली नव्हती. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या यच्चयावत बिजागऱ्या तपासल्या, दुसऱ्या महिन्यात शेजारच्या चष्मेवाल्यांच्या, आणि तिसऱ्या महिन्यात बायको ओटा पुसत असताना मागे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "डावा कोपरा राहिला." त्याच संध्याकाळी बायकोनं त्यांना वाचनालयाचं सभासद करून टाकलं. अर्ज तिनंच भरला. 'वाचनाची आवड' या रकान्यात तिनं 'लावून घ्यावी' असं लिहिलं.

वाचनालयात पंख्याखाली एकच खुर्ची होती आणि तिच्या हाताशी भुताखेतांच्या कादंबऱ्यांचं कपाट होतं. तपासनिसांच्या वाचनाची दिशा ठरली ती एवढ्यावरच. एरवी हा गृहस्थ भुताबितांच्या वाटेला जाणारा नव्हे. चौतीस वर्षं लिफ्टच्या खोल, अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून त्यांनी वर बघितलं होतं, आणि तिथं त्यांना आजवर भेटलं काय, तर कुणाची तरी एक चप्पल, चाव्यांचे जुडगे आणि एकदा दाताची कवळी. भ्यायचं ते फक्त झिजलेल्या तारेला, बाकी सगळे मनाचे खेळ, हे त्यांचं ठाम मत होतं.

कपाटातली एकोणपन्नास पुस्तकं एकाच लेखकाची होती. त्यानं टोपणनाव घेतलं होतं 'काळोखकार'. खरा माणूस कोण, हे वाचनालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या अलीकडच्या कादंबऱ्या घाटातल्या एका विश्रामगृहात घडत. तिथली व्यवस्थापकबाई एकटी, धीराची आणि अत्यंत अविचारी होती. त्या विश्रामगृहात खोली नंबर नऊ कायम कुलूपबंद असे. आत काय आहे हे गेली अकरा पुस्तकं कुणाला कळलेलं नव्हतं.

पहिल्याच पुस्तकानं तपासनिसांची घोर निराशा केली. आता, निराश झालेला सर्वसाधारण वाचक काय करतो? उसासा टाकतो, पुस्तक परत करतो आणि दुसऱ्या कपाटाकडे वळतो. पण दोष दिसल्यावर त्याची नोंद न करता निघून जाणं तपासनिसांच्या रक्तातच नव्हतं. शिवाय त्यांच्याकडे कागद होते. खात्याचं नाव बदललं तेव्हा जुन्या नावाचे तीन खोकी छापील नमुने रद्दीत निघाले होते, ते त्यांनी रीतसर लेखी परवानगी घेऊन घरी आणले होते. यंत्रणेचे नाव, उत्पादक, दिनांक, आढळलेले दोष, असे त्यात सुबक रकाने होते. तपासनिसांनी पेनचं टोपण काढलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला.

'भूत पान २१२ वर प्रथम आढळले. त्याआधीची २११ पाने केवळ वारा सुटलेला आहे.' हा झाला पहिला अहवाल. पुढचे अहवाल हात बसल्यावर आणखी मोकळे झाले. 'पिशाच भिंतीतून आरपार जाते, मात्र जिन्यावरून उतरताना पायऱ्या वाजतात. दोन्हींपैकी काय ते एक ठरवावे.' 'दार प्रत्येक प्रकरणात करकरते. तेलाचे दोन थेंब सोडल्यास कथानक तिसऱ्या प्रकरणात संपेल.' 'आरशात प्रतिमा उमटत नाही असे पान ४० वर स्पष्ट नमूद, आणि पान ९० वर हीच बाई आरशासमोर केस विंचरते.' 'मांत्रिक खुलासा उद्या करतो म्हणतो आणि त्याच रात्री मरतो. हा प्रकार सलग चार पुस्तकांत आढळला. ज्याला काही सांगायचे असेल त्याने आजच सांगावे.' 'शेवटी सर्व स्वप्न निघाले. वाचकाचे चार दिवस मात्र खरेच गेले.' आणि अकरा अहवालांत ठळक अक्षरांत: 'खोली क्र. ९ अद्याप बंद. किल्ली हरवली असल्यास कुलूप तोडावे.'

नियमाप्रमाणे अहवालाच्या दोन प्रती होत. एक यंत्रणेच्या ठिकाणी लावायची, म्हणून ते ती पुस्तकाच्या शेवटच्या पानाला टाचत. दुसरी, कार्बन लावून काढलेली, उत्पादकाला पाठवायची. म्हणून ती प्रकाशकाच्या पत्त्यावर टपालानं जाई. यात आपण काही वेगळं करतोय असं तपासनिसांच्या मनातही आलं नाही. चौतीस वर्षं असंच चाललं होतं.

इकडे वाचनालयात निराळंच घडलं. ज्या कपाटावर धुळीशिवाय कुणी हात ठेवत नव्हतं, तिथं रांग लागायला लागली. लोक आधी शेवटचं पान उघडून अहवाल वाचायचे, खुर्चीतल्या खुर्चीत खुदखुदायचे आणि मग ते दोष स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पुस्तक घरी न्यायचे. सही वाचता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे हा टीकाकार कोण याविषयी बरेच तर्क चालले. ग्रंथपालबाईंना माहीत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. "असा वाचक मला नोकरीत एकदाच मिळाला," असं मात्र त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या, आणि चष्मेवाल्यांनी तो आपल्यालाच उद्देशून केलेला गौरव समजून मान तुकवली.

बायकोनं एकदा विचारलं, "अहो, इतकं वाईट लिहितो म्हणता, मग चाळीस पुस्तकं कशाला वाचलीत?"

"बेचाळीस," तपासनीस म्हणाले. "आणि तपासणी अर्धवट टाकता येत नाही."

"मी तर बाई आवडतं म्हणून वाचते," ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यांना कळलं की त्यांचं वाचून झालं की परत करायच्या पिशवीत जायच्या आधी पुस्तक दोन दिवस तिच्याकडे असतं. "तुमचे अहवाल अगदी बरोबर असतात हो. पण मला सांगा, त्या नऊ नंबरमध्ये काय असेल?"

"ते नोंदीत नाही," असं म्हणून तपासनिसांनी विषय संपवला.

एकोणपन्नासावा अहवाल गेल्यानंतर तीन आठवड्यांनी वाचनालयाच्या फलकावर प्रकाशकाचं पत्र लागलं. शासकीय आदेशामुळे काळोखकारांनी लेखन थांबवलं असून खोली नंबर नऊचं रहस्य ज्यात उलगडणार होतं ते पन्नासावं पुस्तक आता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. फलकासमोर हलकल्लोळ माजला. चष्मेवाले स्टुलावर चढले. "हा लेखणीवर घाला आहे!" असं ते म्हणाले आणि निषेधाच्या अर्जावर सह्या गोळा करायला लागले. पहिली सही तपासनिसांनी केली. ते खरोखरच संतापले होते. "भुतांच्या गोष्टींवर बंदी? कुठल्या गाढवानं काढला हा आदेश?" असं ते चारचौघांत मोठ्यानं म्हणाले.

मग त्यांनी पत्राला जोडलेली आदेशाची प्रत वाचायला चष्मा लावला, आणि ते गाढव त्यांना ओळखू आलं.

नमुन्याच्या तळाशी ठळक छापील ओळ होती: 'वरील दोष दूर होऊन फेरतपासणी होईपर्यंत यंत्रणेचा वापर पूर्णतः बंद ठेवावा. आदेशावरून.' चौतीस वर्षं ही ओळ डोळ्यांखालून गेली, पण दिसली अशी कधी नव्हती. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी आपण त्याकडे बघतच असतो ना, तसं ते होतं. प्रकाशकानं सगळे अहवाल टेबलाच्या खणात साठवले होते. शेवटी एवढे सरकारी कागद बघून त्याचीच पाचावर धारण बसली आणि त्यानं सगळा गठ्ठा लेखकाकडे पाठवून दिला. एकोणपन्नास आदेश एकदम हातात पडल्यावर कुणीही लेखणी खाली ठेवील.

तपासनीस घरी आले आणि खाली मान घालून बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता ती बाई त्या दारापाशी तशीच उभी राहणार." आणि उठून आत गेली. संसारात त्यांच्या हातून अनेक चुका झाल्या होत्या, पण एवढं वाईट त्यांना क्वचितच वाटलं होतं.

आता आदेश दिला तसा मागे घेता येईल, इतकं साधं हे प्रकरण त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ते जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता नवा साहेब होता. त्यानं नमुना उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, "काका, हा कागद ज्या खात्याचा आहे ते खातंच आता नाही. जे खातं नाही त्याचा आदेश आम्ही कसा रद्द करणार?"

"मग नवीन नावानं करा."

"करू की. यंत्रणेचा प्रकार काय?"

"कादंबरी."

नव्या साहेबानं संगणकात शोधलं. "एका वेळी किती माणसं वाहून नेते?"

"एक," तपासनीस म्हणाले. खरं म्हणजे या उत्तराचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आठाखाली असेल तर आमच्याकडे येत नाही," साहेबानं संगणक बंद केला.

चष्मेवाल्यांना तोवर सगळा प्रकार कळला होता. स्टुलावरून उतरून ते सल्ला द्यायला घरी आले. पहिला सल्ला, सही आपली नव्हेच म्हणून कानावर हात ठेवा. दुसरा, आजारी पडा. तिसरा त्यातल्या त्यात व्यवहारी होता: "सरळ फेरतपासणी करा, 'दोष नाहीत' असं लिहून द्या आणि मोकळे व्हा. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

तपासनीस ताठ झाले. "दोष असताना दोष नाहीत असं मी आजपर्यंत लिहिलेलं नाही. एका इमारतीच्या मालकानं मला जावई करून घेण्याचीही तयारी दाखवली होती. तरी नाही लिहिलं."

"अहो, पण ही गोष्टीची पुस्तकं आहेत! कोण पडून मरणार आहे?"

"सवय पडते," तपासनीस म्हणाले. आतून बायकोचा आवाज आला, "खोटं नका लिहू. पण जाऊन भेटा तरी त्यांना." दोन दिवसांत ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ग्रंथपालबाईंनी प्रकाशकाला गळ घालून पत्ता मिळवला. निघाला तो जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीचा, खिडकी क्रमांक चार. काळोखकार तिथं वरिष्ठ कारकून होते. दिवसभर माणसं गेल्याची नोंद करायची आणि घरी जाऊन ती परत आणायची, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता. तपासनीस रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर खिडकीतून एका बारीक, टक्कल पडलेल्या, अतिशय सभ्य माणसानं मान वर केली.

"मयताशी आपलं नातं?"

"मी... मी त्यांचा तपासनीस," असं म्हणून त्यांनी नमुना पुढे सरकवला.

कारकुनांनी कागदाकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "साहेब, आपण स्वतः? आपण का तसदी घेतलीत? आदेशाची अंमलबजावणी झालेली आहे. चला ना, दाखवतो." मागे उभ्या असलेल्या माणसानं आपल्या आजोबांचं काय असं विचारलं, तर ते नम्रपणे म्हणाले, "त्यांना आता घाई नाही," आणि शेजारच्या खिडकीकडे हात केला.

त्यांनी तपासनिसांना मागच्या दप्तरखान्यात नेलं. फायलींच्या रॅकमागे एका लोखंडी पेटीत पन्नासाव्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं. त्याला दोऱ्यानं चारी बाजूंनी बांधून गाठीवर लाख ओतली होती.

"आदेश आला तेव्हा मी सतराव्या प्रकरणाच्या मध्यावर होतो," कारकून म्हणाले. "वाक्य चालू होतं. वाक्य पूर्ण करायला परवानगी आहे का, असं विचारणारं पत्रही लिहिलं होतं. पण उत्तर आलं नाही."

"अहो, पण कागदावर शिक्का नव्हता! तुम्ही तर कारकून, तुमच्या कसं लक्षात नाही आलं?"

"शिक्का नव्हता खरा. पण छापील होतं," कारकून खाली बघत म्हणाले. "छापील कागद मी जन्मात मोडलेला नाही, साहेब. आणि खरं सांगू? त्यातलं सगळं बरोबरच होतं. जिन्याच्या पायऱ्या वाजायला नकोच होत्या."

तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लिफ्टवाला आहे, निवृत्त आहे, तो कागद रद्दीतला आहे, हे सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि हात जोडून माफी मागितली. कारकुनांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण फेरतपासणी झाल्याशिवाय मला सुरू करता येणार नाही. मनाला ते टोचत राहील."

दोन शिस्तीची माणसं समोरासमोर आली की तिसऱ्या कुणाचीही तिथं डाळ शिजत नाही. तपासनिसांनी लाख फोडली, स्टूल ओढलं, आणि सकाळी अकरा वाजता, फायलींच्या वासात, पहिलं पान उघडलं. कारकून खिडकीवर गेले. मधूनमधून येऊन ते दारातून डोकावत आणि तपासनिसांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत. कुणीतरी चहा ठेवून गेलं. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. ती संपली. तपासनिसांच्या डाव्या हाताशी नमुना होता आणि त्यात दोष भरले जात होते. वारा सुटला होता. दार करकरलं होतं. मांत्रिक आला होता, आणि त्यानं उद्या सांगतो म्हटलं होतं. तपासनिसांनी "अरे, आज सांग!" असं चक्क मोठ्यानं म्हटलं, आणि पान उलटलं.

साडेचारच्या सुमारास व्यवस्थापकबाईला किल्ली सापडली. ती नऊ नंबरच्या दारापाशी आली. किल्ली कुलपात गेली. आतून कुणीतरी, अगदी हळू आवाजात, तिच्या लहानपणच्या नावानं तिला हाक मारली आणि म्हणालं,

आणि पुढे कोरा कागद होता.

"काय म्हणालं?" तपासनीस ओरडले. दारात उभे असलेले कारकून दचकले. "आत कोण आहे? अहो, काय म्हणालं ते?"

"सांगता येणार नाही, साहेब. वापर बंद आहे."

तपासनीस उठले. दप्तरखान्यात दोन फेऱ्या मारल्या. मग परत बसले आणि नमुन्याकडे बघत राहिले. नमुन्यात जागा दोनच निकालांना होती. दोष नाहीत, सबब चालू ठेवावे. किंवा दोष आहेत, सबब बंद ठेवावे. तिसरा निकाल छापणाऱ्याला सुचलेला नव्हता. दोष तर ढीगभर होते. चौतीस वर्षांचा प्रामाणिकपणा एका बाजूला आणि कुलपात अर्धवट फिरलेली किल्ली दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यांनी तळाची छापील ओळ पट्टी लावून नीट खोडली, बाजूला सही केली आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद कारकुनांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

'फेरतपासणी. भूत पान १८८ पर्यंत आलेले नाही. वारा विनाकारण सहा वेळा. दार पूर्ववत. मांत्रिकाची सवय गेलेली नाही, तो उद्या मरणार हे उघड आहे. एकही दोष दूर झालेला नाही. तथापि तपासणीच्या काळात तपासनिसाचा चहा गार झाला, जेवण राहिले, आणि पाठीमागे कोणी उभे आहे काय हे त्यास दोन वेळा वळून पाहावे लागले. कोणी नव्हते. अशी यंत्रणा प्रस्तुत तपासनिसाने यापूर्वी पाहिलेली नाही. दोषांसह चालू ठेवावी. विलंब करू नये.'

कारकुनांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चष्मा धुरकटला. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. कचेरी सुटायची वेळ झाली होती, बाहेर खिडक्यांची दारं खाली येत होती.

"तीस वर्षं लिहितोय, साहेब," ते म्हणाले. "लोक छान म्हणतात. पण नऊ नंबर जिन्याच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे कुणाला ठाऊक नसतं. आमच्या घरातही नसतं. तुमचा गठ्ठा आला तेव्हा मी आधी घाबरलो, आणि मग पहाटे उठून सगळा वाचून काढला. म्हटलं, म्हणजे कुणीतरी ओळ न् ओळ वाचतंय." ते थोडं अडखळले. "हे चालू ठेवा म्हणालात ते पुस्तकाचं झालं. अहवाल चालू राहतील ना? तुम्ही परत कधी येणार तपासणीला?"

चौतीस वर्षं तपासनीस इमारतींत शिरत होते, आणि ते शिरले की लिफ्टमन चहाला जायचा, मालक आजारी पडायचा, आणि बाकीचे ही ब्याद टळेपर्यंत घड्याळाकडे बघायचे. परत कधी येणार, असं त्यांना आजपर्यंत कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी खिशातून रोजनिशी काढली आणि पानं चाळायला लागले. पुढचे सगळे आठवडे कोरे होते, तरी त्यांनी बराच वेळ चाळली.

"पुढच्या गुरुवारी जमेल?" शेवटी ते म्हणाले.

"सतरावं प्रकरण होईल तोवर."

"मग हिलाही घेऊन येतो. त्या नऊ नंबरनं तिच्या डोक्याला फार घोर लावलाय." तपासनिसांनी रोजनिशी मिटली आणि घसा साफ केला. "आणि माझ्याही."